विसंगत रेषीय समीकरणे

चलांच्या कोणत्याही किंमती घेतल्या तरी ज्या रेषीय समीकरणसमूहातील सर्व समीकरणांचे एकाच वेळी समाधान होत नाही, त्यास विसंगत म्हणतात. दोन चलांतील दोन समीकरणांच्या बाबतीत याचा अर्थ समांतर रेषा, हे शालेय पाठ्यपुस्तकांतून परिचित आहे.

तीन चलांत मात्र समांतरतेची गरज नसते. क्ष + य = १, य + झ = १ आणि क्ष − झ = ३ या प्रतलांपैकी कोणतीही दोन समांतर नाहीत, तरी तिन्हींना सामाईक बिंदू नाही; ती दोन-दोन घेऊन मिळणाऱ्या छेदरेषा परस्परांना समांतर असतात. पहिल्या समीकरणातून उरलेली दोन वजा केली की ० = −३ असे अशक्य विधान मिळते. समूह विसंगत असेल, तर समीकरणांना योग्य संख्यांनी गुणून व मिळवून असे विधान नेहमीच काढता येते. या विषयाचे मर्म हेच होय, कारण उकल नाही याची पडताळणी त्यामुळे एका ओळीत होते.

सर्वसाधारण कसोटी अशी : गुणांकांच्या आव्यूहाची (ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या कोष्टकाची) कोटी, म्हणजे परस्परांवर अवलंबून नसलेल्या ओळींची कमाल संख्या, आणि त्याला उजव्या बाजूंचा स्तंभ जोडून होणाऱ्या विस्तारित आव्यूहाची कोटी समान असेल तरच समूह सुसंगत असतो. वरील उदाहरणात त्या अनुक्रमे २ व ३ आहेत.

ही कसोटी देणाऱ्या प्रमेयाच्या श्रेयाबद्दल एकमत नाही. ते फ्रान्समध्ये रूशे–फोंतने, इटलीत रूशे–कापेल्ली, रशियात क्रोनेकर–कापेल्ली, तर स्पेनमध्ये रूशे–फ्रोबेनियस या नावांनी शिकवले जाते. रूशे यांचे टिपण १८७५ मधील असून त्याच सुमारास फोंतने यांनी अग्रक्रमाचा दावा केला. तथापि चार्ल्स डॉजसन (लुईस कॅरल) यांच्या निर्धारकांवरील (चौरस आव्यूहावरून काढल्या जाणाऱ्या संख्यांवरील) १८६७ च्या ग्रंथात प्रमेयाची सिद्धता येते. प्रकाशनाच्या दृष्टीने तीच आद्य मानणे अधिक योग्य वाटते. ‘कोटी’ ही संज्ञा फ्रोबेनियस यांनी १८७९ च्या सुमारास रूढ केली, त्यामुळे त्यापूर्वीची मांडणी उपनिर्धारकांच्या (आव्यूहातील लहान चौरस भागांच्या निर्धारकांच्या) भाषेत आढळते.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (सु. ११५०) भाज्य व हार (दोन चलांचे गुणांक) यांचा सामाईक विभाजक क्षेपाला (अचल पदाला) भागत नसेल, तर कुट्टकाचे (रेषीय समीकरणाची पूर्णांक उकल काढण्याच्या रीतीचे) उदाहरण दुष्ट, म्हणजे सदोष, ठरवले आहे. तेथील अट पूर्णांक उकलीची असल्याने त्यास या कसोटीचे पूर्वरूप म्हणणे धाडसाचे होईल.

निरीक्षणांतील त्रुटींमुळे चलांहून अधिक समीकरणे असलेले समूह बहुधा विसंगतच निघतात. त्यांसाठी त्रुटींच्या वर्गांची बेरीज किमान करणारी लघुतम वर्ग पद्धती लझांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. गाउस यांनी १८०९ मध्ये ती मांडताना आपण ती १७९५ पासून वापरत असल्याचे म्हटले.