छोटी घरं, छोट्या गाड्या आणि त्यांच्यावरचा मळ : पार्श्वभूमी

स्केल मॉडेलिंगमध्ये, म्हणजे खऱ्या वस्तूंच्या ठरावीक प्रमाणातल्या छोट्या प्रतिकृती करण्याच्या छंदात, इमारती आणि रस्त्यावरच्या गाड्या बरीच वर्षं रेल्वेच्या पदरी होत्या. आगगाडी थांबणार म्हणून स्टेशन हवं, स्टेशनाबाहेर रिकामं दिसू नये म्हणून एखादी लॉरी हवी, एवढंच त्यांचं काम. त्यामुळे त्यांची मापंही त्यांची स्वतःची नाहीत. आज कुणी १:७६ ची (खरीच्या शहात्तराव्या हिश्शाएवढी) बस १:८७ च्या घरासमोर उभी करतो आणि ती घराच्या अंगावर आल्यासारखी दिसते, त्याचं मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या एका तडजोडीत आहे.

लहान इमारती घडवण्याची हौस अर्थातच फार जुनी. इजिप्तच्या थडग्यांत चार हजार वर्षांपूर्वीची लाकडी धान्यकोठारं आतल्या माणसांसकट सापडली आहेत. फ्रान्समध्ये १६६८ पासून तटबंदीच्या शहरांच्या १:६०० या मापाच्या प्रतिकृती राजासाठी तयार होऊ लागल्या. इंग्लंडमध्ये बीकन्सफील्डला १९२९ साली एका बागेत १:१२ चं आख्खं गाव उभं राहिलं. पण घरातल्या टेबलावर हे काम आणलं ते रेल्वेनेच.

त्या काळचं चालू माप म्हणजे 'ओ': रुळांतलं अंतर ३२ मिमी आणि खऱ्या एका फुटाला ७ मिमी, म्हणजे साधारण १:४३. १९३३ च्या अखेरीस लिव्हरपूलच्या एका कंपनीने आपल्या रेल्वे-संचांना पूरक म्हणून सहा छोट्या गाड्यांचा संच काढला. इंग्लंडमधल्या धातूच्या खेळण्यातल्या गाड्यांचं एक मोठं घराणं तिथून सुरू होतं. संग्राहकांचं आवडतं १:४३ हे माप त्याच नात्यातलं. (त्या दशकातल्या जस्ताच्या कितीतरी गाड्या आज आपोआप तडकून भुगा होतात. जस्तात शिसं मिसळलं गेल्याचा तो परिणाम. ज्यांनी त्या टिकवल्या त्यांनी खरंच जीव लावून टिकवल्या.)

आता त्या तडजोडीकडे. घरं लहान, टेबलं लहान, म्हणून 'ओ' च्या निम्मं माप पुढे आलं. फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे १:८७, रूळ १६.५ मिमी. हिशेब चोख बसतो, कारण १६.५ गुणिले ८७ म्हणजे जवळजवळ १४३५ मिमी, आणि युरोप-अमेरिकेतल्या खऱ्या रुळांची प्रमाण रुंदी तेवढीच. युरोप खंडात आणि अमेरिकेत हेच माप रुजलं. इंग्लंडमध्ये अडचण आली. तिथले बोगदे आणि पूल अरुंद, म्हणून इंजिनंही अंगाने बारीक. १:८७ केल्यावर त्यांच्या पोटात त्या काळची मोटर मावेना. मग उपाय असा निघाला, की इंजिन, डबे, घरं, माणसं सगळं फुटाला चार मिलिमीटरने करायचं, म्हणजे १:७६. रूळ मात्र साडेसोळाचेच ठेवायचे. १९२२ मध्ये न्यूरेंबर्गमध्ये बनलेले टेबलावरचे संच इंग्लंडमध्ये विकले गेले, तेही साडेसोळाच्याच रुळांवर धावणारे. १९३८ मध्ये लिव्हरपूलच्याच त्या कंपनीने आपली नवी मालिका याच मापात आणली आणि हे माप पक्कं झालं. त्याला 'ओओ' म्हणतात.

१६.५ गुणिले ७६ म्हणजे १२५४ मिमी. रूळ जवळजवळ अठरा सेंटिमीटरने अरुंद. पाहणाऱ्याला हे इंजिनावर लवकर कळत नाही, कळतं ते फाटकावर. १:७६ ची लॉरी, साधारण तीन सेंटिमीटर रुंद, रूळ ओलांडताना उभी करा. खालचे रूळ एखाद्या डोंगरी गाडीचे वाटतात. पहिल्या दशकात ही तडजोड समजण्यासारखी होती, कारण तिच्यावाचून त्या देशाच्या गाड्या टेबलावर धावल्याच नसत्या. पण मोटरी लहान होत गेल्या, आज त्या १:१४८ च्या इंजिनातही आरामात बसतात, तरी माप हललं नाही. दुकानात तोवर लाखो फूट रूळ विकले गेले होते. महायुद्धानंतर काहींनी १८ मिमीचे रूळ घातले, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात काहींनी अचूक १८.८३ मिमी धरले आणि चाकं स्वतः घडवली. माझं मन या दुसऱ्या लोकांकडे ओढतं. पण १:७६ मधली आजची घरं, बसगाड्या आणि लॉऱ्या यांचा एवढा मोठा साठा त्या अरुंद रुळांच्या बाजारानेच उभा केला, हेही खरं.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी बिकट आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी. १:८७ ला ती साधारण १९.२५ मिमी व्हायला हवी. बाहेरून आणलेल्या साडेसोळाच्या रुळावर भारतीय इंजिन ठेवलं की १:८७ लाही चोवीस सेंटिमीटर कमी पडतात.

बाकीच्या मापांच्या कथाही अशाच. लंडनमध्ये १९५३ पासून काडेपेटीएवढ्या खोक्यात मावतील अशा गाड्या निघाल्या. दुमजली बस असो की मोटारसायकल, खोकं त्याच आकाराचं, त्यामुळे प्रत्येकीचं माप वेगळं. रणगाड्यांचं १:३५ हे माप तर जपानमधल्या शिझुओकाच्या एका कारखान्याने १९६१ मध्ये मोटर चालवणारे बॅटरीचे सेल आत बसावेत म्हणून धरलं. म्हणजे मोटर, खोकं आणि सेल, या तिघांनी आपल्या टेबलावरची मापं ठरवली.

मळाचं तसं नाही. तो प्रत्येकाने स्वतः चढवला.

चाळीसच्या दशकापर्यंत चकाकी हाच अभिमान होता. महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या एका व्यावसायिक छायाचित्रकाराने आपल्या १:८७ च्या रेल्वेवर गंज, काजळी, वाकलेली छपरं, सोललेला रंग मुद्दाम आणायला सुरुवात केली. कॅमेऱ्यात चकाकणारी वस्तू लगेच खेळणं म्हणून उघडी पडते, हे त्याच्या धंद्यानेच त्याला शिकवलं असणार. त्याच्या कृष्णधवल फोटोंनी एका पिढीची नजर बदलली. १९७३ च्या जानेवारीत तो गेला आणि काही दिवसांतच आगीत ती रेल्वे बहुतेक सगळी जळाली. उरले ते फोटो.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशरच्या एका खेड्यातलं काम याहून वेगळं आहे आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. घरांवरचं गवती छप्पर उतरवून ॲस्बेस्टॉस चढतंय, हे पाहून एका तरुणाने ती घरं मोजून पुठ्ठ्यात करायचं ठरवलं. १९५४ पासून तिथे संग्रहालय आहे. १:७६ ची एकेक वीट कोरून जलरंगात रंगवलेली. तिथला मळ नाट्यमय नाही. खिडकीच्या खालच्या कडेपासून उतरलेला ओघळ आणि जोत्याजवळची ओल, बस. मूळ घरावर जेवढी तेवढीच.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत सूत्रं लष्करी मॉडेलवाल्यांकडे गेली. बेल्जियममधून एक सोपी कृती जगभर पसरली: आधी पातळ गडद रंगाचा वॉश, तो खाचांत बसतो, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग, तो कडांवर लागतो. दोन हजारच्या दशकात स्पेनमधून पिगमेंटच्या (धूळ-गंज दाखवणाऱ्या कोरड्या रंगभुकटीच्या) बाटल्या, तयार वॉश आणि 'पॅनलगणिक उजेड-सावली' ही शैली आली. केसांच्या स्प्रेची युक्ती त्याच दशकात घरोघरी पोचली. आधी गंजाचा रंग, त्यावर स्प्रेचा थर, त्यावर वरचा ॲक्रिलिक रंग. तो सुकला की पाण्याने ओल्या केलेल्या ब्रशने हलकं घासायचं. खालचा स्प्रे पाण्यात सुटतो आणि रंगाचे पापुद्रे निघून गंज दिसू लागतो. हाताने काढलेला ओरखडा कधीच इतका खरा वाटत नाही, कारण इथे रंग खरोखरच निघालेला असतो.

पण ही सगळी विद्या १:३५ वर घडली, आणि १:७६ च्या बसवर ती जशीच्या तशी लावली जाते. बारीक ब्रशने टेकवलेला एक मिलिमीटरचा टिपका १:३५ ला साडेतीन सेंटिमीटरचा खवला होतो, तो चालेल. १:७६ ला तोच साडेसात सेंटिमीटरचा होतो. एवढे खवले निघालेली बस आगारातून बाहेर सोडत नाहीत. आज फोटोत जी छोटी वाहनं दिसतात त्यातली बरीचशी यामुळेच भंगारात काढल्यासारखी दिसतात. लहान मापात खवला टाळावा, डाग पसरट ठेवावा, मूळ रंगच थोडा फिका घ्यावा, हे माझं ठाम मत आहे. छपरं उन्हाने विटलेली, चाकामागे चिखलाची कमान, एवढ्यानेही बस चाललेली वाटते.

मराठीत या कामाला अजून शब्द रुळलेला नाही. 'वेदरिंग' असंच म्हणतात. जुनं करणं म्हटलं तर अर्धंच येतं, कारण नवी गाडीही पावसाळ्यात चार दिवसांत मळते. मळ मात्र आपला ओळखीचा आहे. कोकणातून आलेल्या एसटीच्या मागच्या काचेवर जांभ्याची तांबडी धूळ असते, पंढरपूरकडून आलेलीवर राखाडी. खिडक्यांखाली पानाच्या पिचकाऱ्यांचे ओघळ, आणि तेही मागे तिरपे गेलेले, कारण बस धावत असते. चाळीच्या भिंतीवर पाइपाच्या सांध्याखाली काळं शेवाळ धरतं, सांध्याच्या वर नाही.

सनबोर्ड (फोमचा हलका पत्रा) आणि पुठ्ठ्यातून हौशी मुलं आज लाल डबा घडवतात. दारं उघडतात, आत सीट, पुढे पाटी. माझी पहिली अशी बस १:४० ची झाली. खेळण्यातल्या मोडक्या ट्रकची २५ मिमीची चाकं हाताशी होती, खऱ्या टायरचा व्यास साधारण एक मीटर, आणि माप तिथेच ठरून गेलं.