पहिले पॅकेट वाया जाते, म्हणून दुसरे पोहोचते

‘गेम नीट चालत नसेल तर फायरवॉल बंद करून टाक,’ असा सल्ला माझ्या पुण्यातील भाच्याला त्याच्या मित्रांनी दिला होता. तो अमलात आणण्याआधी त्याने मला फोन केला, हे बरे झाले. त्याच्या एक्सबॉक्स या गेम कन्सोलवर नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘नॅट टाइप : स्ट्रिक्ट’, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्यांना कडक मज्जाव, असे दिसत होते. गेम सुरू होत असे, पण नाशिकच्या एका मित्राबरोबर पार्टी (कन्सोलवरचा गप्पांचा गट) केली की दोघांना एकमेकांचा आवाज ऐकू येत नसे. या बिघाडात फायरवॉलचा, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या संरक्षणाचा, काहीही दोष नव्हता. त्याचे मूळ इंटरनेटवरील पत्त्यांच्या टंचाईत होते.

आयपी आवृत्ती ४ मधील पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच पत्ते तयार होऊ शकतात. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. टंचाईची चाहूल त्याच्या कितीतरी आधी लागली होती आणि १९९४ मध्ये नॅट, म्हणजे पत्तांतर, हा उपाय मांडला गेला होता. या उपायात घरातील सर्व उपकरणे एकच सार्वजनिक पत्ता वाटून घेतात. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागण्याच्या काळात लोक आपल्या कार्डावर शेजाऱ्यांचा नंबर छापून त्यापुढे ‘पी.पी.’ लिहीत, ते ज्यांना आठवत असेल त्यांना हे चटकन समजेल. शेजाऱ्यांकडे जाऊन बाहेर फोन लावणे सोपे होते. मात्र बाहेरून आलेला फोन कोणासाठी आहे हे कळल्याखेरीज शेजाऱ्यांना कोणालाच हाक मारता येत नसे.

राउटरचीही स्थिती तशीच असते. घरातील १९२.१६८.१.२० या पत्त्यावरच्या कन्सोलने ३०७४ या पोर्टवरून (पत्त्यावरचा जणू दार क्रमांक) एक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) बाहेर पाठवले, की राउटर त्यावर स्वतःचा सार्वजनिक पत्ता आणि स्वतःचा एखादा पोर्ट क्रमांक, समजा ५१२००, घालतो आणि ही जोडी आपल्या तक्त्यात नोंदवून ठेवतो. उत्तर ५१२०० वर आले, की तक्ता पाहून ते कन्सोलकडे वळवले जाते. ज्याची नोंदच नाही असे पॅकेट मात्र टाकून दिले जाते, कारण ते कोणाला द्यायचे हे राउटरला ठाऊकच नसते. गेमची पॅकेट बहुधा यूडीपी या पाठवणीच्या पद्धतीची असतात आणि यूडीपीत संभाषण संपल्याची खूण नसते. त्यामुळे काही काळ शांतता राहिली की राउटर ती नोंद पुसून टाकतो.

आता दोन खेळाडू अशा दोन राउटरांच्या मागे बसलेले आहेत आणि त्यांना थेट बोलायचे आहे. दोघांच्याही तक्त्यात एकमेकांची नोंद नाही, मग सुरुवात कोणी करायची? यावरची युक्ती मला संपूर्ण संगणकशास्त्रातील सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते. दोघेही गेमच्या सर्व्हरशी आधीच जोडलेले असतात, त्यामुळे प्रत्येकाचा बाहेरचा पत्ता आणि पोर्ट सर्व्हरला दिसतो आणि तो प्रत्येकाला दुसऱ्याचा पत्ता कळवतो. मग दोघेही एकाच सुमारास एकमेकांकडे पॅकेट पाठवतात. पुण्याहून निघालेले पहिले पॅकेट नाशिकच्या राउटरवर अनोळखी म्हणून टाकून दिले जाऊ शकते. परंतु बाहेर पडताना त्याने पुण्याच्या राउटरमध्ये नाशिकच्या नावाने एक नोंद करून ठेवलेली असते. त्यानंतर नाशिकहून येणारे पॅकेट पुण्याच्या राउटरला त्या नोंदीचे उत्तर वाटते आणि तो ते आत सोडतो. या युक्तीला होल पंचिंग म्हणतात.

सिमेट्रिक नॅट वापरणाऱ्या राउटरपुढे ही युक्ती फसते. असा राउटर प्रत्येक नव्या गंतव्यासाठी नवा पोर्ट क्रमांक देतो. सर्व्हरशी बोलताना तो ५१२०० असेल, तर मित्राशी बोलताना ५१२३७ असू शकतो, आणि सर्व्हरने मित्राला कळवलेला क्रमांक अशा वेळी निरुपयोगी ठरतो.

वाटेत किती नॅट आहेत हे ठाऊक नसताना सेटिंग बदलून उपयोग नाही. म्हणून कोणत्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहावा आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरील आकड्याशी तो ताडून पाहावा. दोन्ही सारखे असतील तर मध्ये एकच नॅट आहे. अशा वेळी कन्सोलला घरातील पत्ता कायमचा नेमून देऊन यूपीएनपी (कन्सोलला राउटरकडून स्वतःच पोर्ट उघडून घेऊ देणारी सोय) चालू करणे किंवा गेमला लागणारा तेवढाच पोर्ट फॉरवर्ड करणे, म्हणजे त्यावर येणारे सारे थेट कन्सोलकडे वळवणे, पुरेसे असते. संगणकाची फायरवॉल बंद करणे किंवा त्याला डीएमझेडमध्ये टाकणे (बाहेरून येणारे सारे त्याच्याकडे सोडणे) म्हणजे एका खिडकीसाठी घराची भिंत पाडणे होय. पोर्ट उघडल्याने पिंग (पॅकेट सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) कमी होतो, हा प्रचारही खोटा आहे. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतरच सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. त्यामुळे तेथील सर्व्हरचा पिंग ३९ मिलिसेकंदांच्या खाली येणे शक्य नाही, मग राउटरच्या खोक्यावर ‘गेमिंग’ असे कितीही मोठ्या अक्षरांत छापलेले असो.

भाच्याच्या राउटरवर वॅन आयपी १९२.१६८ या घरगुती पत्त्यांच्या आकड्यांनी सुरू होत होता, म्हणजे इंटरनेट सेवादात्याच्या फायबरच्या डबीत एक नॅट आणि त्याने हौसेने आणलेल्या राउटरमध्ये दुसरे नॅट होते. नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे फक्त वाय-फाय पुरवण्याच्या कामावर, टाकल्यावर एक थर गेला. मग डबीचे पान उघडले, तर तेथे १००.८१ ने सुरू होणारा पत्ता होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून सेवादात्यांच्या सामाईक नॅटसाठीच राखून ठेवलेला आहे. तेथे अनेक घरे मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरतात आणि त्या तक्त्यावर ग्राहकाचा काहीच अधिकार चालत नाही, त्यामुळे घरात केलेले पोर्ट फॉरवर्डिंग त्या थरापर्यंत पोहोचतच नाही. सेवादात्याकडे सार्वजनिक आयपी मागणे एवढाच मार्ग उरला होता. तो दरमहा थोडे जादा पैसे भरून मिळाला, डबीवर यूपीएनपी चालू केले आणि कन्सोलवर ‘ओपन’ दिसू लागले. नाशिकचा मित्र आजही ‘स्ट्रिक्ट’च आहे, पण दोघांपैकी एकाचे दार उघडे असले की पुरते, त्यामुळे आता दोघांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो.