प्रेसमध्ये आहे

नाशिकरोडला कुणी ‘जावई प्रेसमध्ये आहेत’ म्हटलं, की ते बातमीदार असतील असं कुणाच्या मनातही येत नाही. प्रेस म्हणजे टपालाची तिकिटं नि पासपोर्ट छापणारा १९२५ पासूनचा सिक्युरिटी प्रेस, नाहीतर १९२८ पासूनचा नोटांचा. मोटारसायकलच्या नंबरप्लेटवरचा ‘प्रेस’ वेगळा, आणि कोपऱ्यावर कपडे प्रेस करून मिळतात तो आणखी तिसरा.

मूळ मात्र एकच: लॅटिनमधलं ‘प्रेमेरे’, म्हणजे दाबणं. (आपल्या प्रेमाशी याचं काही नातं नाही.) युरोपात द्राक्षांचा रस काढायला मळसूत्र फिरवून दाबायचं लाकडी यंत्र असे. १४५० च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्झच्या गुटेनबर्गने तसाच मळसूत्राचा दाब शाई लावलेल्या खिळ्यांवर (म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर) कागद टेकवायला वापरला. यंत्राचं नाव छापखान्याला चिकटलं, छापखान्याचं वर्तमानपत्रांना आणि तिथून बातमीदारांना. म्हणजे नाशिकच्या नोटा आणि नाशिकची वाइन तशी चुलत भावंडंच.

स्वभाव मात्र उलटे. वायनरीतल्या न्यूमॅटिक प्रेसमध्ये हवेने फुगणारा पडदा असतो. तो द्राक्षं हलकेच दाबतो, कारण बिया भरडल्या तर रसात कडवटपणा उतरतो. नोट छापताना असली माया चालत नाही. धातूच्या प्लेटवर कोरलेल्या बारीक खाचांत शाई भरतात आणि कागद असा दाबतात, की तो खाचांत शिरून शाई उचलतो. पाचशेच्या कोऱ्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवून बघा. हाताला लागतो तो खरखरीत उठाव या दाबाचा.

बाकी गोतावळा मोठा आहे. कुकरमधलं प्रेशर, मुलाखतीतलं इम्प्रेशन, खुद्द ‘प्रिंट’ आणि दाबाने उतरवलेली एस्प्रेसो कॉफीसुद्धा. पंचवटी एक्सप्रेसमधला ‘एक्सप्रेस’ म्हणजे मुळात दाबून बाहेर काढलेलं. मग स्पष्ट बोललेलं, मग मुद्दाम एका कामासाठी ठेवलेलं, आणि शेवटी खास गाडी. आपणही छापखाना काढतो, लोकांवर छाप पाडतो आणि आयकरवाल्यांचा छापा पडला की घाबरतो, तेव्हा इंग्रजीला हसण्यात अर्थ नाही.

एक तोतया मात्र या घरात घुसलाय. इंग्लंडच्या आरमारासाठी माणसं जबरदस्तीने धरून नेणाऱ्या टोळीला ‘प्रेस गँग’ म्हणत. वाटतं, दडपशाहीच ती, म्हणून प्रेस. पण हा शब्द आला ‘प्रेस्ट’वरून, म्हणजे भरती होताना हातावर टेकवलेली आगाऊ रक्कम. आपले ऊसतोड कामगार जिला उचल म्हणतात, तशी.