अ‍ॅग्रीमेंट संपलं, घर सोडत नाहीत: कुठे जायचं, काय न्यायचं, वकील कसा नेमायचा

अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं, वर दोन महिने गेले, भाडंही थांबलं. मग घरमालकाचा फोन येतो, "चांगला वकील सांगा." करारनाम्यांची कामं करताना हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी आधी अ‍ॅग्रीमेंटच मागतो. प्रकरण कुठे चालणार ते त्या कागदावर ठरतं, आणि सगळेच वकील सगळीकडची कामं करत नाहीत.

महाराष्ट्रात 'भाडेकरू' म्हणून आपण दोन अगदी वेगळ्या माणसांना हाक मारतो. एक पागडीचा (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन जागा घेतलेला) किंवा जुन्या वाड्यातला. त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चं पूर्ण संरक्षण आहे. त्याला काढायचं तर कलम 16 मधलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं: स्वतःची खरी गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू, सहा महिने विनाकारण बंद ठेवलेली जागा वगैरे. थकबाकीसाठी कलम 15 वेगळं आहे, त्यात लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबावं लागतं. हे दावे मुंबईत लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) चालतात, आणि चालतच राहतात. दुसरा लिव्ह अँड लायसन्सवाला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर राहणारा. त्याचा ताबा परवानगीपुरता असतो, आणि राहण्याच्या जागेसाठी याच कायद्यात कलम 24 चा जवळचा रस्ता आहे. इथे कोर्ट नाही, शासनाने नेमलेला सक्षम प्राधिकारी असतो.

कलम 24 चा अर्ज कोणाला करता येतो? जागा राहण्यासाठी दिलेली हवी, करार लेखी हवा आणि मुदत संपलेली हवी. दुकान किंवा ऑफिस दिलं असेल तर हा रस्ता बंद. मुंबईत त्यासाठी लघुवाद न्यायालयात 1882 च्या प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय कायद्याच्या कलम 41 खाली दावा लावतात.

लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून "मी तर पागडीवाला" हा पवित्रा इथे टिकत नाही. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही तर अर्जातलं म्हणणं मान्य धरलं जातं. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत लायसन्स फीच्या (करारातल्या भाड्याच्या) दुप्पट दराने भरपाई मागता येते: महिना 20,000 असेल तर 40,000. आदेशावर अपील नाही, 90 दिवसांत पुनरीक्षण (रिव्हिजन) अर्ज तेवढा करता येतो.

नेमकी खोट निघते ती नोंदणीत. परवा एकांनी फाइल आणली. पहिली दोन अ‍ॅग्रीमेंट नोंदवलेली, इंडेक्स 2 (नोंदणीचा सरकारी उतारा) सकट. तिसरं साध्या स्टँप पेपरवर, नोटरीचा शिक्का मारलेलं. "माणूस ओळखीचा झाला होता, कशाला परत नोंदणीसाठी थंब (अंगठ्याचा ठसा) द्यायला बोलवायचं?" भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी. ती नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वाचवलं किती? मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. 20,000 भाडं, 60,000 डिपॉझिट, वर्षभराचा करार, तर सहा-सातशे रुपये. शहरात नोंदणी फी 1,000. एवढ्यासाठी त्यांनी निम्मी केस घालवली होती.

वकिलाकडे जाताना नोंदवलेला करार आणि इंडेक्स 2, मालकीचा पुरावा (खरेदीखत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती), भाडं जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीची प्रत आणि घर सोडायला सांगितल्याची नोटीस, तिच्या पोस्टाच्या पोचपावतीसह, असं सगळं न्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. मालक परदेशात असेल तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवावं, आणि ते राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं.

वकिलाला पहिला प्रश्न फीचा विचारू नका. विचारा: हे कुठे दाखल करणार, आणि तिथे तुम्ही अशी किती कामं केलीत? लिव्ह अँड लायसन्सच्या घरासाठी कोणी थेट दिवाणी दावा सुचवला तर कारण विचारा. पटलं नाही तर दुसऱ्याचं मत घ्या. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचा सनद (वकिलीच्या परवान्याचा) क्रमांक विचारण्यात संकोच नको. फी ठोक की तारखेप्रमाणे, टायपिंग-झेरॉक्स-स्टँप वेगळे का, हे लिहून घ्या. "भरपाईतले इतके टक्के माझे" असा सौदा वकिलांच्या नियमांत बसत नाही. मग वकीलपत्रावर सही. कोऱ्यावर करू नका. पक्षकारांची नावं आणि प्रकरण भरलेलं बघूनच करा.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे अर्ज करा, मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक 3 लाखांची मर्यादा आहे. हेल्पलाइन 15100. ही सोय भाडेकरूलाही आहे, हे घरमालकांना आवडत नाही, पण आहे.

भाडेकरूची बाजू आलीच आहे तर: मुदत संपली म्हणून कुलूप बदलणं, पाणी-वीज तोडणं चालत नाही. पाणी-वीज तोडण्याला भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 आडवं येतं. जबरदस्तीने बाहेर काढलं तर सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या) कलम 6 खाली ताबा परत मागता येतो, आणि तिथे मालकी कोणाची हा प्रश्न विचारतच नाहीत. चिडून कुलूप लावलेले मालक मग स्वतःच प्रतिवादी होऊन बसतात.

मूळ कागद वकिलाकडे ठेवायचे झाले तर यादी करून पोच घ्या. पुढे वकील बदलावासा वाटला आणि फी बाकी असली, तरी त्यापोटी तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली ठरवलंय. बाकी फीचा हिशेब वेगळा करायचा.