डायनॅमिक ब्लॉक

डायनॅमिक ब्लॉक म्हणजे ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधला असा ब्लॉक (एका नावाखाली साठवून पुन्हा पुन्हा वापरायचा रेघांचा संच) की जो नकाशात टाकल्यावर पण त्याची रुंदी, लांबी, बाजू, प्रकार वगैरे बदलता येतं, निळी ग्रिप (ओढायची खूण) धरून ओढा नाहीतर प्रॉपर्टीज पॅलेटमधे आकडा टाका, आणि बदलल्यावर तो फुटत नाही, ब्लॉकचा ब्लॉकच राहतो. साध्या ब्लॉकमधे हे जमत नाही. तिथे ९०० मिलिमीटरचं दार वेगळं, ७५० चं वेगळं, डावं वेगळं, उजवं वेगळं, म्हणून नागपुरात धरमपेठ, रामदासपेठ, सीताबर्डीकडच्या आर्किटेक्ट-इंजिनियरच्या ऑफिसांमधे 'दार', 'दार नवीन', 'दार नवीन फायनल' अशा नावांचा ढीग साचतो अन् नवीन आलेला पोट्टा त्यातलं नेमकं चुकीचं उचलतो.

कल्पना तशी जुनी आहे. इव्हान सदरलँडने १९६३ मधे एमआयटीत केलेल्या स्केचपॅडमधे मूळ चित्र एक अन् त्याच्या प्रती कितीही, मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलणार, हे होतंच, शिवाय या दोन रेघा समांतरच राहतील किंवा सारख्याच लांबीच्या राहतील असे नियम घालायची पण सोय होती. ऑटोकॅड १९८२ मधे आलं, डायनॅमिक ब्लॉक त्याच्या २००६ व्हर्जनमधे आले आणि कन्स्ट्रेंट, म्हणजे रेघांवरचे असे नियम, २०१० व्हर्जनमधे.

कसा बनतो

बीएडिट कमांड दिली की ब्लॉक एडिटर उघडतो आणि बाजूला ऑथरिंग पॅलेट येते. तिथे दोन गोष्टी जोडायच्या असतात, पॅरामीटर आणि ॲक्शन. काय बदलू शकतं ते पॅरामीटर सांगतो (लिनियर, पोलर, एक्सवाय, रोटेशन, फ्लिप वगैरे), आणि ते बदललं की कुठल्या रेघांचं काय होणार ते ॲक्शन ठरवते, म्हणजे स्ट्रेच, मूव्ह, स्केल, अ‍ॅरे. पॅरामीटर टाकला पण ॲक्शन दिली नाही तर तिथे पिवळं उद्गारचिन्ह दिसत राहतं. अलाइनमेंट (शेजारच्या रेघेला जुळून बसणं) आणि व्हिजिबिलिटी (तुकडे दाखवणं-लपवणं) या दोघांना मात्र ॲक्शन लागत नाही.

क्लासमधे बहुतेक वेळा 'काय बदलायचं' इथूनच शिकवणं सुरू होतं, पण ब्लॉक चांगला बनतो तो काय बदलू द्यायचं नाही हे आधी ठरवल्यावर. दाराचंच घ्या. रुंदी बदलायची, पण पल्ल्याची जाडी तीच राहिली पाहिजे, चौकट तेवढीच जाड राहिली पाहिजे. आता सगळं सिलेक्ट करून स्केल लावली तर ७५० चं दार १०५० चं होताना ३५ ची फळी ४९ ची होऊन बसते, आणि सुतार प्लॅनवरून माप घेणारा असला तर मग झालंच. म्हणून प्रत्येक तुकड्याला वेगळी वागणूक द्यावी लागते. बिजागरीच्या कोपऱ्यापासून समोरच्या चौकटीपर्यंत एक लिनियर पॅरामीटर टाकायचा, ग्रिप एकच ठेवायची, कडीकडची. कडीकडची चौकट स्ट्रेचने सरकवायची. पल्ला प्लॅनमधे ९० अंशात उघडलेला काढलेला असतो म्हणजे त्याची लांबी आडव्या मापावर पण उभ्या दिशेने वाढली पाहिजे, त्यासाठी त्याला दुसरी स्ट्रेच द्यायची आणि तिच्या अँगल ऑफसेटमधे ९० टाकायचं (बाजू उलटी असली तर २७०). राहिला आर्क. आर्कला स्ट्रेच लावली की त्याचा गोल बिघडतो, तो खरंच स्केलनेच वाढवायचा, बेस पॉइंट बिजागरीचा.

स्ट्रेच लावताना तिचा निवडीचा चौकोन कुठे काढला यावर सगळं अवलंबून असतं. जे पूर्ण चौकोनात आलं ते सरकतं, जे अर्धवट आलं ते ताणलं जातं, आणि जे चौकोनात आहे पण सिलेक्शनमधे घेतलं नाही ते जागचं हलत नाही. 'माझा ब्लॉक काहून तुटून राहिला' याचं उत्तर बहुतेक वेळा या तिसऱ्या वाक्यात असतं.

मग दोन फ्लिप लावायच्या, एक डावं-उजवं, दुसरी आत-बाहेर. फ्लिपच्या सिलेक्शनमधे रेघांसोबत लिनियर पॅरामीटर पण घ्यावा लागतो, नाही घेतला तर दार पलटतं पण रुंदीची ग्रिप जुन्याच बाजूला राहते. रुंदीला व्हॅल्यू सेट देऊन लिस्ट टाकता येते: ७५०, ९००, १०५०, म्हणजेच आपलं अडीच फुटी, तीन फुटी, साडेतीन फुटी. लिस्ट दिली की ९१३ चं दार कोणी ओढूच शकत नाही, ग्रिप त्या तीन खुणांवरच थांबते. भिंतीची जाडी २३० की ११५, यासाठी अजून एक लिनियर पॅरामीटर.

खिडकीत एक बारकी पण कामाची गोष्ट आहे. दोन पल्ल्यांच्या स्लायडिंगमधे मधला जोड कायम मध्यात पाहिजे, तर त्या जोडाला मूव्ह ॲक्शन द्यायची आणि डिस्टन्स मल्टिप्लायर ०.५ ठेवायचा, रुंदी ३०० ने वाढली की जोड १५० ने सरकतो. आणि नागपुरात खिडकी म्हटली की कूलर आलाच, एप्रिलपासून अर्ध्या खिडक्यांना बाहेरून स्टँड लागलेला असतो, त्यामुळे व्हिजिबिलिटीमधे 'साधी' आणि 'कूलरवाली' अशा दोन अवस्था करून ठेवलेल्या बऱ्या, म्हणजे फर्निचर लेआउट करताना पलंग कूलरच्या तोंडाशी आला की दूर गेला ते दिसतं, अन् मंजुरीच्या प्रिंटच्या वेळी साधी अवस्था लावून टाकायची. एका ब्लॉकमधे व्हिजिबिलिटी पॅरामीटर एकच चालतो, अवस्था कितीही करा.

महापालिकेत किंवा एनआयटीत (नागपूर सुधार प्रन्यास) जाणाऱ्या नकाशावर दार-खिडक्यांचं शेड्यूल असतं. ब्लॉक एडिटरमधे ॲट्रिब्यूटच्या (ब्लॉकला जोडलेल्या मजकुराच्या) आत फील्ड (आपोआप बदलणारा मजकूर) टाकून त्यात ब्लॉकप्लेसहोल्डर निवडला आणि रुंदीचा पॅरामीटर दाखवला तर दाराशेजारचा आकडा दाराप्रमाणे बदलतो, रीजेन (नकाशा ताजा करायची कमांड) तेवढं करायचं.

वर्कशॉपची ड्रॉइंग

हिंगणा, बुटीबोरी एमआयडीसीकडच्या फॅब्रिकेशनच्या कामात मापं मनाची नसतात, ठरलेल्या टेबलातली असतात. इथे लुकअप किंवा ब्लॉक टेबल लागतो: एका यादीतून साइज निवडा, बाकीची मापं आपोआप बसतात. एम १६ च्या (१६ मिलिमीटर जाडीच्या) षटकोनी डोक्याच्या हेक्स बोल्टचं डोकं २४ चं आणि उंची १०, एम २० चं ३० आणि १२.५, एम २४ चं ३६ आणि १५. आकडे नीट पाहिले तर हे चक्क प्रमाणात आहेत, १.२५ पट, १.५ पट, म्हणजे डोक्याला नुसती स्केल लावून पण चालेल असं वाटतं, आणि चालतंही, फक्त एम ३० ला डोकं ४५ ऐवजी ४६ आणि एम १० ला १५ ऐवजी १६ निघतं. म्हणून टेबलच करावा. लांबी मात्र मोकळी ठेवून स्ट्रेचवर सोडायची.

बीमला तर प्रमाण लागूच होत नाही. आयएसएमबी ३०० (३०० उंचीचा आय-आकाराचा बीम) ची फ्लँज (वरची-खालची आडवी पट्टी) १४० आणि आयएसएमबी ४०० ची पण १४०च, उंची वाढली, रुंदी तीच. स्केल लावणारा तिथे हमखास फसतो. लुकअप टेबल भरताना दोन ओळींची मापं सारखी आली तर रिव्हर्स लुकअप (नकाशातच यादीतून साइज निवडायची सोय) चालू होत नाही, प्रत्येक ओळ वेगळी पाहिजे.

कन्स्ट्रेंटवाली पद्धत यापेक्षा वेगळी आहे. तिथे ॲक्शन नसतात, रेघांना समांतर, काटकोनात, समकेंद्री, सारखे असे नियम लावायचे, एक बिंदू फिक्स करायचा नाहीतर पूर्ण आकृती सरकत फिरते, आणि पॅरामीटर्स मॅनेजरमधे 'ही लांबी त्या लांबीच्या निम्मी' अशी सूत्रं लिहायची. फ्लँज प्लेट, गसेट (जोडाची प्लेट), भोकांचे पिच (भोकांमधलं अंतर) यासाठी हे झकास. साध्या घराच्या दाराला कन्स्ट्रेंट लावत बसणं म्हणजे डोक्याला फुकटचा ताप, ते काम ॲक्शनवाल्या पद्धतीत लवकर होतं. दोन्ही पद्धती एकाच मापावर मिसळल्या तर ब्लॉक कधी काय करेल त्याचा भरवसा नाही. कुठल्याही पद्धतीने करा, एडिटरमधलंच टेस्ट ब्लॉक बटण दाबून सगळ्या ग्रिप ओढून बघायच्या अन् मगच सेव्ह.

अडचणी

युनिटची अडचण सगळ्यात जास्त येते कारण आपल्याकडे बंगल्याचा प्लॅन फूट-इंचात आणि फॅक्टरीचं ड्रॉइंग मिलिमीटरमधे चालतं. ब्लॉकला युनिट दिलं नसेल तर मिलिमीटरमधलं ९०० चं दार इंचाच्या नकाशात ९०० इंचाचं, म्हणजे ७५ फुटांचं उतरतं.

रेघा लेयर झिरोवर (लेयर म्हणजे नकाशाचा थर) काढल्या नसल्या तर ब्लॉक ज्या लेयरवर टाकाल त्याचा रंग घेत नाही. एक्स्प्लोड केला की सगळी हुशारी जाते, उरतात नुसत्या रेघा; हे नको असेल तर ब्लॉकच्या प्रॉपर्टीत अलाउ एक्स्प्लोडिंगला 'नो' करून ठेवायचं. ओढून-ताणून वाट लावलेला ब्लॉक रीसेटब्लॉक कमांडने मूळ मापावर येतो.

आतली एक गोष्ट लिस्प (ऑटोकॅडमधे चालणारे छोटे प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांना त्रास देते. ब्लॉकचं माप बदललं की ऑटोकॅड त्याची आतल्या आत बिननावी प्रत करतं, स्टार-यू आणि पुढे नंबर, त्यामुळे नावाने दारं मोजणारं जुनं लिस्प फक्त न बदललेलीच दारं मोजतं. खरं नाव इफेक्टिव्हनेम या प्रॉपर्टीत असतं. डेटा एक्स्ट्रॅक्शन वापरलं तर नाव बरोबर येतं आणि रुंदीचा कॉलम पण मिळतो, सुताराला द्यायची यादी तिथूनच निघते.

२००६ च्या आधीच्या व्हर्जनमधे फाइल उघडली तर ब्लॉक साधा होऊन बसतो. ब्रिक्सकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे ऑटोकॅडचे डायनॅमिक ब्लॉक वापरता येतात, पण नवीन बनवायला त्याची स्वतःची पॅरामेट्रिक ब्लॉकची पद्धत आहे. लिब्रेकॅड या तिसऱ्या सॉफ्टवेअरमधे फक्त साधे ब्लॉक चालतात.