इंजिनाची खरी अश्वशक्ती: इंदूरच्या हवेत मोजताना

सेसना १५२ या शिकाऊ विमानातले लायकमिंग ओ-२३५ इंजिन मिनिटाला २५५० फेऱ्यांवर ११० अश्वशक्ती देते. आकडा खरा आहे, पण तो समुद्रसपाटीवरच्या, १५ अंश तापमानाच्या, १०१३ हेक्टोपास्कल दाबाच्या हवेतला. बिजासन टेकडीजवळची इंदूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि मे महिन्यात तिथे पारा चाळिशीपार जातो. तिथे हे इंजिन नवेकोरे असले तरी शंभरी गाठत नाही. मग ओव्हरहॉल होऊन, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त होऊन, आलेले इंजिन ढिले वाटले, तर दोष हवेचा की इंजिनाचा?

कॉकपिटमधला आरपीएमचा, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा याचे उत्तर देत नाही. प्रोपेलरची, म्हणजे विमानाच्या पंख्याची, पाती स्थिर कोनात बसवलेली असतील तर विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो, पण त्याच हवेत पंख्याला होणारा विरोधही जवळपास तेवढाच घटतो. त्यामुळे विमान जागेवर धरून पूर्ण थ्रॉटल दिला की जानेवारीत काटा जिथे थांबतो, त्याच्या आसपासच तो मे महिन्यातही थांबतो. वैमानिकाला सगळे ठीक वाटते आणि धावपट्टी मात्र लांबत जाते. याच कारणाने हा काटा इंजिनाची तब्येत तपासायला चांगला आहे. हवा कशीही असो, फेरे नेहमीपेक्षा शंभराने कमी पडले तर इंजिनात काहीतरी बिघडले आहे. ताकद किती, हे मात्र तो सांगत नाही.

ताकद म्हणजे टॉर्क (शाफ्टला फिरवणारा पिळाचा जोर) गुणिले फिरण्याचा वेग. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९५४९ ने भागले की किलोवॉट मिळतात. फेरे मोजणे सोपे आहे, सगळी कसोटी टॉर्कची. त्यासाठी इंजिन एका पाळण्यात बसवतात. पाळण्याची चौकट पुढेमागे दोन बेअरिंगांवर झुलती असते आणि त्या बेअरिंगांचा अक्ष प्रोपेलरच्या शाफ्टच्या रेषेत येतो. प्रोपेलर एका बाजूला फिरला की इंजिन उलट्या बाजूला कलू पाहते. चौकटीला आडवा दांडा जोडून त्याचे टोक लोड सेलवर, म्हणजे भार मोजणाऱ्या उपकरणावर, टेकवले की हा उलटा जोर थेट वाचता येतो. ११० अश्वशक्ती म्हणजे ८२ किलोवॉट. २५५० फेऱ्यांवर त्याचा टॉर्क ३०७ न्यूटन-मीटर होतो, म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला साधारण ३१ किलोचा दाब. एवढ्याशा वजनावर सगळा हिशेब उभा असल्याने पाव किलोची चूकही जवळजवळ एक टक्क्याची ठरते.

ही चूक बहुतेक वेळा लोड सेलमध्ये नसते, पाळण्याच्या अडखळण्यात असते. इंधनाची कडक नळी, थ्रॉटलची केबल, चौकटीबाहेर कशालातरी पक्का बांधलेला सायलेन्सर, यांतले काहीही दांड्याचा थोडा भार परस्पर पेलते. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे ठाऊक वजनांशी आकडे पडताळणे, सगळ्या नळ्या आणि तारा जोडलेल्या असतानाच करावे. नापतोल विभागाची मुद्रा असलेली वजने घ्यावीत. दांड्याच्या टोकाला पाच-पाच किलो वाढवत पस्तीसपर्यंत जावे आणि तसेच उतरत यावे. चढताना आणि उतरताना एकाच वजनाला वेगळे आकडे दिसले, किंवा चौकटीला हलकेच टिचकी मारल्यावर आकडा सरकला, तर काहीतरी अडते आहे. ते सापडेपर्यंत इंजिन सुरू करण्यात अर्थ नाही.

प्रोपेलरचाच भार वापरला तर आणखी एक गोम आहे. पंख्यामागची हवा गोल फिरत मागे येते, इंजिनावर आणि चौकटीवर आदळते आणि त्यांना पंख्याच्याच दिशेने ढकलते. टॉर्क त्यामुळे खरा असतो त्याहून कमी दिसतो. चौकट अरुंद ठेवावी, रुंद पत्रे हवेच्या झोतात येऊ देऊ नयेत.

पाण्याच्या ब्रेकवर, म्हणजे वॉटर डायनॅमोमीटरवर, ही अडचण येत नाही, पण तिथे पाणी लागते. ८२ किलोवॉट उष्णता तीस अंशांच्या तापमानवाढीत वाहून न्यायला मिनिटाला सुमारे ४० लिटर. इंदुरात नर्मदेचे पाणी किती लांबून उपसून आणावे लागते हे ठाऊक असलेल्याने टाकी लावून तेच पाणी फिरवावे. विमानाच्या इंजिनाला प्रोपेलर हेच फ्लायव्हील, म्हणजे फिरणे एकसारखे राखणारे जड चाक, असते, हेही विसरू नये. तो काढून इंजिन थेट ब्रेकला जोडले तर शाफ्टची पीळ घेणारी कंपने बदलतात आणि शाफ्ट तुटू शकतो. त्या इंजिनासाठी हिशेब करून निवडलेले लवचिक कपलिंग मध्ये हवेच.

रोटॅक्स ९१२ युएलएससारख्या गिअरबॉक्सच्या इंजिनात फार मोठी चूक होऊ शकते. ते ५८०० फेऱ्यांवर १०० अश्वशक्ती देते आणि गिअरचे प्रमाण २.४३ आहे, म्हणजे प्रोपेलर २३८७ फेऱ्यांनी फिरतो. पाळण्यावर दिसतो तो प्रोपेलरच्या शाफ्टचा टॉर्क. त्याला इंजिनाच्या फेऱ्यांनी गुणले तर शंभराचे २४३ होतात. एवढे कोणाच्याही लक्षात येईल; पण एकाच आलेखात निम्मे आकडे एका शाफ्टचे आणि निम्मे दुसऱ्याचे असले की गोंधळ लवकर सापडत नाही.

आता हवेचा हिशेब. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत हेच इंजिन किती ताकद देईल ते काढायला मोजलेल्या ताकदीला दोन गोष्टींनी गुणायचे: १०१३ भागिले कोरड्या हवेचा दाब, आणि केल्विनमधले तापमान भागिले २८८ याचे वर्गमूळ. कोरड्या हवेचा दाब म्हणजे वायुदाबमापीच्या आकड्यातून वाफेचा दाब वजा करून उरतो तो. मे महिन्यातली दुपार घ्या: ४० अंश, आर्द्रता २० टक्के, दाब ९४२. वाफेचा वाटा १५, उरले ९२७. गुणक येतो १.१४. आता जुलैतली ओली सकाळ: २७ अंश, आर्द्रता ९० टक्के, दाब ९४०. वाफ ३२, उरले ९०८. गुणक पुन्हा १.१४! गारवा आला म्हणून इंजिन जोर धरेल असे वाटते, पण तापमानाने दिलेले वाफ काढून घेते. शिवाय कार्ब्युरेटर वाफेलाही हवाच समजून इंधन सोडतो, त्यामुळे मिश्रण जाड होऊन आणखी थोडी ताकद जाते आणि ती या सूत्रात धरलेली नसते. तापमान घ्यायचे ते हवा आत ओढली जाते त्या तोंडाशी. हँगरच्या सावलीतला थर्मामीटर इथे चालत नाही.

दाबाचा आकडा विमानतळाच्या हवामान-अहवालातून उचलणे ही इंदुरातली सगळ्यात महागडी चूक. तिथला क्यूएनएच, म्हणजे वैमानिकांना दिलेला दाबाचा आकडा, समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. वडोद्यात धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर, तिथे फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो. इंदुरात तो साठ हेक्टोपास्कलचा होतो आणि चांगले इंजिन सहा टक्के कमजोर ठरते.

शेवटी पेट्रोलशी ताळा घ्यावा. पूर्ण थ्रॉटलला अशी इंजिने किलोवॉट-तासामागे साधारण ३०० ग्रॅम इंधन खातात. एव्हगॅसचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा, लिटर ०.७२ किलोचा, म्हणजे प्रत्यक्ष १०० अश्वशक्ती निघत असताना तासाला ३१ लिटरच्या आसपास जायला हवेत. तासाला २० लिटरमध्ये १२० अश्वशक्ती मिळाल्याचा कागद कोणी पुढे केला, तर त्याचा अर्थ इंधनातली ५१ टक्के ऊर्जा शाफ्टवर आली असा होतो. या जातीचे कोणतेही इंजिन तिथपर्यंत पोचत नाही. अशा वेळी आधी गिअरचे प्रमाण आणि दांड्याची लांबी तपासावी, मग इंधनाचा प्रवाह मोजणारा फ्लोमीटर.