पॉम्पेईतली भिंत कोणी पाडली: व्हेसुव्हियसने की बॉम्बने?

इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात छप्पर नसलेलं, अर्धवट उभं घर दिसलं की आपण लगेच व्हेसुव्हियसचं नाव घेतो. या ज्वालामुखीच्या इ.स. ७९च्या उद्रेकात शहर गाडलं गेलं, हे खरंच. पण ऑगस्ट-सप्टेंबर १९४३मध्ये दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी टाकलेले दीडशेहून जास्त बॉम्ब याच अवशेषांवर पडले, हे तिथे फिरणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसतं. ९ सप्टेंबरला जवळच्या सालेर्नोच्या किनाऱ्यावर दोस्तराष्ट्रांच्या फौजा उतरल्या. जर्मन कुमक अडवण्यासाठी आसपासचे रस्ते आणि रेल्वे उडवायचे ठरले, आणि त्यात प्राचीन शहर भाजून निघालं. उत्खननाचे प्रमुख आमेदेओ मायुरी स्वतः एका हल्ल्यात जखमी झाले.

दोन्ही नाशांची रीत अगदी वेगळी आहे. ज्वालामुखीने आधी तासन्‌तास हलक्या, सच्छिद्र दगडांचा वर्षाव केला. जवळजवळ तीन मीटरचा थर साचला, त्याच्या भाराने छपरं खचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तप्त राखेचे लोट आले आणि थराच्या वर डोकावणाऱ्या भिंती पाडून गेले. खालचा भाग मात्र आतून-बाहेरून भरला गेल्यामुळे जागच्या जागी टिकला: फरशा, चुली, भिंतींवरचे रंगसुद्धा. म्हणून वरचा मजला गायब आणि खाली चित्रं शाबूत, असं दिसलं तर ते बहुधा उद्रेकाचं काम. बॉम्ब कशालाच सांभाळून ठेवत नाही. तो जमिनीत खड्डा पाडतो, भिंत पायापासून उखडतो आणि गिलाव्याचा चुरा करतो.

सालुस्टच्या घरात हे सर्वांत जास्त जिव्हारी लागतं. पॉम्पेईतल्या सर्वांत जुन्या घरांपैकी हे एक. शहर रोमन होण्याच्याही आधीचं. पुढे त्याला बेकरी जोडली गेली. उजव्या अंगाच्या छोट्या बागेच्या भिंतीवर पुराणकथेतल्या ॲक्टिऑन या शिकाऱ्याचं मोठं चित्र होतं. स्नान करणारी डायना देवी त्याच्या नजरेस पडते, तो हरीण होतो आणि त्याचेच कुत्रे त्याच्यावर तुटून पडतात. उद्रेकातून वाचलेलं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मातीखालून बाहेर आलेलं हे चित्र सप्टेंबर १९४३मध्ये नष्ट झालं. मला हे नुकसान उद्रेकाहून क्रूर वाटतं, कारण या वेळी त्यावर राखेचं पांघरूण पडणार नव्हतं.

खरा गोंधळ पुढे होतो. युद्धानंतर पडलेल्या बऱ्याच भिंती पुन्हा उभारल्या गेल्या. सालुस्टच्या घराचा बॉम्बने उडवलेला भागही नंतर बांधून काढला. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी दरवेळी निवाडा होत नाही, जुनी रेखाटनं आणि फोटो बघावे लागतात. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात शहराची एक भलीमोठी प्रतिकृती आहे. पुरातत्त्वज्ञ ज्युझेप्पे फिओरेल्लींनी १८६१मध्ये तिचं काम सुरू करवलं. आज नसलेली कितीतरी भित्तिचित्रं तिच्यात बारकाईने उतरवलेली आहेत. नेपल्सला गेलात तर तिच्यासाठी वेळ ठेवाच.

पॉम्पेईतल्याच ‘फॉनचं घर’ या मोठ्या घरालाही बॉम्बचा तडाखा बसला. पण तिथे अलेक्झांडरचं मूळ मोझेक (छोट्या तुकड्यांनी घडवलेलं चित्र) दिसत नाही, ते ना ज्वालामुखीमुळे ना बॉम्बमुळे. ते १८३१मध्ये सापडलं आणि १८४३मध्ये नेपल्सला हलवलं गेलं.

६ नोव्हेंबर २०१० रोजी पॉम्पेईतली स्कोला आर्मातुरारुम ही इमारत कोसळली, तेव्हा दोन हजार वर्षांची वास्तू गेली म्हणून जगभर हळहळ झाली. प्रत्यक्षात १९४३मध्ये तिच्यावर बॉम्ब पडला होता आणि वरचा भाग, काँक्रीटच्या छपरासकट, त्यानंतर बांधलेला होता.